जामीनदारांसाठी छापलेली तीस पाने

मुंबईतल्या कापसाच्या सट्ट्यावर एक कादंबरी लिहावी, असे गेली काही वर्षे माझ्या मनात आहे. उभी हयात बँकेत गेल्यामुळे असेल, पण १८६१ ते १८६५ या काळात मुंबईत पैसा जसा वाहिला आणि जसा आटला, त्याचे मला विलक्षण कुतूहल वाटत आले आहे. अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंदरांत अडकून पडला, लँकेशायरच्या गिरण्या आपल्या कापसाकडे धावल्या आणि मुंबईत सोन्याचा पाऊस पडला, हे आपण शाळेपासून ऐकत आलो. ती यादवी गुलामगिरीवरून झाली हेही ठाऊक असते. मला अडत होते ते वेगळ्याच ठिकाणी. ज्यांच्या दारात एकही गुलाम नव्हता, असे लाखो गोरे शेतकरी या लढाईत मरायला का उभे राहिले? कादंबरीकाराला कारणांची यादी देऊन भागत नाही. माणूस सकाळी उठून सैन्यात नाव नोंदवायला निघतो, तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेले असते ते त्याला हवे असते.

परवा माझ्या नातीने संगणकावरून तीस पाने छापून आणली आणि माझ्या पुढ्यात टाकली. "आजोबा, हे बघा, तुमच्या कामाचं आहे का." कामाचे होते. चार्ल्सटन शहरात डिसेंबर १८६०मध्ये छापलेल्या एका राजकीय पुस्तिकेची ती प्रतिमा होती. अशा पुस्तिका आपल्याकडेही निवडणुकीच्या दिवसांत हातोहात फिरतात आणि आठवड्याभरात भजी बांधायला जातात. जितक्या जास्त छापल्या जातात तितक्या कमी उरतात, असा त्यांचा उलटा न्याय असतो. या पुस्तिकेच्या मूळ प्रतीही आता मोठ्या ग्रंथालयांच्या कपाटांत जपून ठेवण्याची वस्तू झाल्या आहेत.

मुखपृष्ठावर मथळा आहे, त्याचे मराठी करायचे तर 'गुलाम न बाळगणाऱ्या दक्षिणेकडील माणसाचा गुलामगिरीतील हितसंबंध' असे करावे लागेल. मथळा वाचूनच मी ताठ बसलो. माझा प्रश्न कोणीतरी १८६०मध्येच विचारून ठेवला होता.

पुस्तिका छापणाऱ्या मंडळाचे नाव होते '१८६० असोसिएशन'. चार्ल्सटनमधले धनाढ्य मळेवाले आणि व्यापारी यांनी ते त्या वर्षाच्या सप्टेंबरमध्ये स्थापन केले. अध्यक्षपदाची निवडणूक नोव्हेंबरात व्हायची होती, लिंकन निवडून येणार अशी चिन्हे दिसत होती, आणि तो आला तर दक्षिणेने संघराज्यातून बाहेर पडावे यासाठी जनमत तयार करणे हा मंडळाचा उघड उद्देश होता. नोव्हेंबर संपायच्या आत या मंडळींनी दीड लाखांवर पुस्तिका छापून वाटल्या. आमची पुस्तिका त्यांच्या मालेतली पाचवी. तिच्यातला मुख्य मजकूर म्हणजे मंडळाच्या कार्यकारिणीचे प्रमुख रॉबर्ट गुर्डिन यांना लिहिलेले एक पत्र आहे. पत्रावर नॅशव्हिल, ५ डिसेंबर १८६० अशी तारीख आहे. त्यानंतर पंधराच दिवसांनी, २० डिसेंबरला, साउथ कॅरोलिना संघराज्यातून फुटले.

पत्र लिहिणारा जेम्स डी बो हा मोठा मजेशीर गृहस्थ. जन्म चार्ल्सटनचा, १८२०चा. न्यू ऑर्लिन्समधून त्याने व्यापार-उदिमाला वाहिलेले एक मासिक काढले आणि दक्षिणेत ते फार नावाजले. पण माझ्या दृष्टीने त्याची खरी ओळख अशी की १८५०च्या अमेरिकन जनगणनेचा तो अधीक्षक होता. आकडेवाला माणूस! १८५४मध्ये त्याने जनगणनेचे जे सारांशरूप प्रसिद्ध केले, त्यातले गुलाममालकांचे कोष्टक आजही अभ्यासक वापरतात. मी ते वहीत उतरवून घेतले. सगळ्या गुलाम राज्यांत मिळून मालक ३,४७,५२५. त्यांपैकी फक्त एक गुलाम असलेले ६८,८२०. पन्नास किंवा त्याहून जास्त गुलाम असलेले आठ हजारही भरत नाहीत. हजारावर गुलाम असलेले दोघे. आणि त्या राज्यांतली गोरी वस्ती होती सुमारे ६२ लाख, गुलामांची सुमारे ३२ लाख.

बँकेच्या माणसाला यातून जे दिसते ते एका दुसऱ्या माणसालाही दिसले. त्याचे नाव हिंटन रोवन हेल्पर. नॉर्थ कॅरोलिनातल्या साध्या शेतकरी घरातला, १८२९चा जन्म. कॅलिफोर्नियात सोने शोधायला गेला आणि हात हलवत परत आला. १८५७मध्ये न्यूयॉर्कहून त्याने एक पुस्तक काढले, 'दक्षिणेवर येऊ घातलेले संकट' अशा अर्थाच्या नावाचे. त्यात दयामाया, धर्म, पापपुण्य यांना फारसा थारा नाही. आहे ती आकडेमोड. आणि आकडे कोणाचे? डी बोच्या जनगणनेचे!

हेल्परने व्हर्जिनिया आणि न्यूयॉर्क यांचे खाते समोरासमोर मांडले. १७९०मध्ये व्हर्जिनियाची वस्ती सुमारे साडेसात लाख, न्यूयॉर्कची तिच्या निम्मीही नाही. साठ वर्षांनी न्यूयॉर्क ३१ लाखांच्या घरात आणि व्हर्जिनिया कशीबशी १४ लाख. कापसाला राजा म्हणतात ना, तर उत्तरेकडच्या राज्यांत निघणाऱ्या नुसत्या गवताची किंमत दक्षिणेचा कापूस, तंबाखू, भात, ऊससाखर सगळे धरून होणाऱ्या किमतीपेक्षा जास्त भरते, असे त्याने दाखवले. गवत! मळेवाल्यांच्या जिव्हारी लागले असेल ते हेच. मालकांची ३,४७,५२५ ही संख्याही त्याने तशीच ठेवली नाही. यात गुलाम भाड्याने घेणारेही धरले आहेत, असे सांगून त्याने ती दोन लाखांच्या आत आणली. मग तो आपल्यासारख्या गरीब गोऱ्यांना विचारतो की या मूठभरांसाठी तुम्ही का नागवले जाता?

या पुस्तकाने जो धुमाकूळ घातला तसा कोष्टकांनी भरलेल्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने क्वचितच घातला असेल. उत्तरेतल्या रिपब्लिकन पक्षाने त्याची संक्षिप्त आवृत्ती लाखभर छापून वाटायचे ठरवले आणि पक्षाच्या ६८ प्रतिनिधींनी त्या बेताला सहीनिशी पाठिंबा दिला. डिसेंबर १८५९मध्ये वॉशिंग्टनला प्रतिनिधिगृह भरले, तेव्हा सभापतिपदाचे उमेदवार जॉन शर्मन हे त्या सह्या करणाऱ्यांपैकी निघाले. झाले! या पुस्तकाला पाठिंबा देणारा मनुष्य सभापतिपदाला लायक नाही, असा ठराव आला. दोन महिने सभागृहाला सभापती मिळेना. सभासद पिस्तुले खिशात घालून येत होते. चव्वेचाळिसाव्या मतदानात, शर्मन यांनी माघार घेतल्यावर, भलताच मनुष्य निवडून आला. तिकडे नॉर्थ कॅरोलिनात डॅनियल वर्थ नावाच्या वृद्ध धर्मोपदेशकाला हे पुस्तक वाटल्याबद्दल पकडले आणि एक वर्षाची शिक्षा सुनावली. तो जामिनावर सुटून उत्तरेला निघून गेला.

म्हणजे डी बो जेव्हा ५ डिसेंबरला लिहायला बसला, तेव्हा त्याच्यासमोर हेल्परचे पुस्तक होते असे समजायला हरकत नाही. त्याच्याच आकड्यांनी त्याच्या बाजूला खिंडार पाडले होते. ते बुजवायचे होते.

पहिली गोष्ट त्याने काय केली? मालकाला एकटा न मोजता कुटुंबासह मोजले. साडेतीन लाखांचे एकदम वीस लाखांच्या आसपास झाले. खोटे नाही म्हणता येत. मालकाची बायकामुलेही त्या धनावरच जगत होती. ताळेबंदात एकच रक्कम कुठल्या शीर्षकाखाली दाखवायची यावर सगळा रंग बदलतो, हे आमच्या धंद्यात नवीन नाही.

मग तो गुलाम नसलेल्याकडे वळतो आणि एक एक कारण देऊ लागतो. तुझ्या श्रमाला इथे उत्तरेपेक्षा जास्त शिल्लक पडते. तुला कोंदट कारखान्यात यंत्राशी झटापट करावी लागत नाही. परदेशातून आलेल्या भुकेकंगालांशी मजुरीसाठी स्पर्धा करावी लागत नाही. इथपर्यंत ठीक, असल्या गोष्टी कुठलाही पुढारी सांगेल. त्यानंतर मात्र तो दोन अशा जागांवर बोट ठेवतो की वाचताना मी पाने खाली ठेवली.

पहिली जागा प्रतिष्ठेची. दक्षिणेत कुठलाही गोरा माणूस दुसऱ्याचे जोडे पुसत नाही, त्याच्या टेबलाशी वाढपी म्हणून उभा राहत नाही, असे डी बो सांगतो. तू गरीब असशील, पण तुझ्या खाली कोणीतरी आहे. तो खालचा गेला, तर सगळ्यात खाली तू.

दुसरी जागा स्वयंपाकघराची. चार पैसे गाठीला बांधलेस की तूही एक गुलाम घेशील, आणि मग तुझी बायको चुलीपासून व धुण्यापासून सुटेल, तुझी मुले शेतातल्या राबण्यातून सुटतील. तुला नाही जमले तर तुझ्या मुलाला जमेल. आजचे बडे मळेवाले तरी कोण होते? त्यांच्यातले पुष्कळजण तुझ्यासारखेच सुरुवातीला काही नसलेले होते!

आता आकडेवाला डी बो इथे एक आकडा गाळतो, आणि तो त्याला ठाऊक नसेल असे मला वाटत नाही. चांगल्या धट्ट्याकट्ट्या गुलामाची किंमत तोवर दीड हजार डॉलरच्या वर गेली होती. शेतमजुराला महिन्याला दहा-पंधरा डॉलर मिळत. म्हणजे एक गुलाम घ्यायला दहा वर्षांची सगळी मजुरी, तीही पोटाला काही न खाता. गुलाम असलेल्या कुटुंबांचे प्रमाण दर दशकाला घसरत होते. १८३०मध्ये दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांपैकी तिनातले एक मालक होते, १८६०मध्ये चारातले एक. शिडी वर ओढली जात होती, आणि खाली उभ्या असलेल्याला डी बो सांगत होता की पुढची पायरी तुझीच.

हे वाचताना मला एक जुनी गोष्ट आठवली. ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सत्तरच्या दशकात मी मराठवाड्यातल्या एका लहान शाखेत शेती कर्जाचे काम पाहत होतो. एका बड्या बागायतदाराने ट्रॅक्टरसाठी अर्ज केला. जामीनदार म्हणून त्याने जे दोघे उभे केले, त्यांतला एक दोन एकर कोरडवाहूचा धनी. पन्नाशीचा, डोक्याला विटका फेटा. मी त्याला समोर बसवून कागद वाचून दाखवला. म्हटले, "दादा, त्यांनी कर्ज थकवलं तर ते तुमच्यावर येईल. समजलं ना?"

"समजलं की सायेब."

"मग अंगठा का देताय?"

तो हसला. "मालक हायेत सायेब. त्यांचा ट्रॅक्टर आला तर आमच्याबी रानात येक दिस फिरंल. अन् उद्या आपलाबी येईल की."

मी शाईची पेटी पुढे सरकवली. नियमाप्रमाणे सगळे बरोबर होते. चार वर्षांनी कर्ज थकले. बागायतदाराला हात लावणे कठीण होते. त्याचे वरपर्यंत संबंध होते, तारखांवर तारखा पडत होत्या. जामीनदाराला नोटीस काढणे सोपे होते. ती मी काढली. तो दर सुगीनंतर थोडे थोडे पैसे आणून भरू लागला. ट्रॅक्टर त्याच्या रानात कधी फिरला होता का, हे मी त्याला विचारले नाही. माझी बदली झाली तेव्हा त्याच्याकडे बरीच बाकी होती.

डी बोची पुस्तिका मला जामीनदारांसाठी छापलेली वाटते ती त्यामुळे. सुमारे तीनशे कोटी डॉलर किमतीची, माणसांच्या रूपातली मालमत्ता थोड्या हातांत होती. तिच्या रक्षणाला जे जीव लागणार होते ते त्या थोड्यांकडे नव्हते. अंगठे दुसऱ्यांचे हवे होते.

नुसत्या एका पुस्तिकेने लोक लढायला गेले असे मला म्हणायचे नाही. शेजारचा गेला म्हणून गेलेले, गावावर शत्रू चालून येतो म्हणून गेलेले, पोरवयाच्या उत्साहाने गेलेले असे कितीतरी होते. शिवाय पश्चिम व्हर्जिनियाच्या डोंगरांतले आणि पूर्व टेनेसीतले गरीब गोरे शेतकरी मोठ्या संख्येने फुटीच्या विरोधातच उभे राहिले. त्यातून १८६३मध्ये वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्यच झाले. पण चुलीपासून सुटणाऱ्या बायकोचे ते चित्र ज्याने लिहिले, त्याने आपला वाचक ओळखला होता हे खरे.

या सगळ्या भांडणात गुलाम कुठे आहे? डी बोच्या पानांवर तो किंमत म्हणून आहे, आणि सुटला तर काय होईल याची भीती म्हणून. हेल्परच्या बाजूने निदान माणुसकी असेल असे वाटते. त्याने दक्षिणेच्या संपत्तीच्या यादीतून गुलामांची किंमत काटून टाकली, माणूस ही मालमत्ता नव्हे म्हणून. बँकवाल्या मनाला ते फार आवडले. पण पुढे वाचले की कळते, हा गृहस्थ काळ्यांचा द्वेष्टा. गुलामगिरी संपवायची ती गोऱ्या गरिबांसाठी, आणि सुटलेल्यांना आफ्रिकेत नाहीतर दुसरीकडे नेऊन सोडायचे. यादवीनंतर १८६७मध्ये त्याने जे पुस्तक लिहिले ते तर इतके विखारी आहे की त्याच्या पूर्वीच्या चाहत्यांनाही तोंड लपवावेसे वाटले असेल. त्याची बेरीज बरोबर होती. त्यातून गाळलेली माणसे चाळीस लाख होती.

गुलामाच्या बाजूने हे गणित आधीच कोणी मांडले असेल, तर ते फ्रेडरिक डग्लसने. तो स्वतः गुलाम होता. १८३६च्या सुमारास बाल्टिमोरच्या एका जहाज बांधणीच्या आवारात कामाला लावलेला असताना चार गोऱ्या उमेदवार कामगारांनी त्याला बेदम मारले, डोळा जाता जाता वाचला. त्यांच्यावर नुसता राग धरून तो थांबला नाही. १८५५च्या आत्मचरित्रात त्याने लिहिले आहे की गरीब गोऱ्याला काळ्याचा शत्रू बनवून मालकाने गोऱ्यालाही जवळजवळ तितकेच लुटले. ज्याचा डोळा फुटायचा राहिला तो हे पाहू शकला, आणि जनगणनेच्या अधीक्षकाला ते दिसले नाही, की दिसूनही लिहायचे नव्हते? मला दुसरे वाटते.

१२ एप्रिल १८६१ला चार्ल्सटनच्याच बंदरात फोर्ट समटरवर तोफा डागल्या गेल्या. वर्षभरात दक्षिणेने सक्तीची सैन्यभरती सुरू केली, आणि ऑक्टोबर १८६२मध्ये तिला एक पुरवणी जोडली. वीस किंवा जास्त गुलाम असलेल्या मळ्यावर देखरेखीसाठी एका गोऱ्या पुरुषाला भरतीतून सूट! लोकांनी त्याला 'वीस निग्रोंचा कायदा' म्हटले. युद्ध श्रीमंतांचे आणि लढाई गरिबांची, अशी बोलणी छावण्यांतून सुरू झाली. गावाकडून बायकांची पत्रे येत, घरात दाणा नाही म्हणून, आणि माणसे रात्रीतून पळून जात. चार वर्षांत दोन्ही बाजूंचे मिळून ६ लाख २० हजार मेले असा जुना अंदाज. २०११मध्ये जनगणनेच्या आकड्यांवरून नव्याने केलेला अंदाज साडेसात लाखांच्या आसपास जातो. डी बोच्या जनगणना कोष्टकांचा असाही उपयोग व्हायचा होता.

पुस्तिका छापणाऱ्या इव्हान्स अँड कॉग्सवेल या छापखान्याची पुढची कथा मला फार रंजक वाटली. युद्धात तो दक्षिणेच्या सरकारच्या नोटा छापू लागला. पुस्तिकेतल्या वचनांचे जे झाले तेच त्या नोटांचे झाले, १८६५नंतर त्यांच्यावर भाजी मिळेना. आज त्या नोटा आणि ती पुस्तिका दोन्ही संग्राहक पैसे मोजून घेतात. डी बो युद्धात सरकारसाठी मळेवाल्यांकडून कर्जापोटी कापूस गोळा करण्याच्या कामावर होता. १८६७मध्ये तो वारला. हेल्परला लिंकनने ब्युनॉस आयर्सला वकील म्हणून पाठवले. १९०९मध्ये वॉशिंग्टनमध्ये, कफल्लक अवस्थेत, त्याने आत्महत्या केली.

आणि आमची मुंबई? ९ एप्रिल १८६५ला जनरल ली शरण आला, कापसाचे भाव कोसळले आणि १ जुलैला वायद्यांच्या सौद्यांची मुदत भरली. पाच हजारांचा बॅक बेचा शेअर पन्नास हजारांच्या घरात गेला होता, तो कोणी फुकट घेईना. त्याच पडझडीत बॉम्बे बँक खिळखिळी झाली आणि १८६८मध्ये बुडाली. माझ्या कादंबरीत हा भाग येईल तेव्हा येईल. तिच्यातला दलाल कापसाचा भाव विचारताना हा कापूस तिकडे कोणी वेचला हे विचारणार नाही, हे आता मला कळले आहे.

ते विचारणारा माणूस मुंबईच्या बाजारात नव्हता, पुण्यात होता. १८७३मध्ये जोतीराव फुल्यांनी 'गुलामगिरी' प्रसिद्ध केली. काळ्या गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल तिची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या सदाचारी लोकांच्या नावे आहे, आणि आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा अशी आशा तीत आहे. तेही एक लहानसे पुस्तक, धोंडीबा आणि जोतीबा यांच्या संवादाचे. त्यात खालचा माणूस स्वतः प्रश्न विचारतो.

नातीला मी दोन्ही पुस्तिका शेजारी शेजारी ठेवून दाखवल्या. डी बोची पाने चाळून ती म्हणाली, "आजोबा, यात त्या गुलाम बाईचं काय? ही बायको चुलीतून सुटणार, म्हणजे ती अडकणार ना?" मी पुन्हा पहिल्या पानापासून पाहिले. त्याबद्दल डी बोने काही लिहिलेले नाही.